धुरावरून ओळखायचे गाव

रशियातील एखाद्या खेड्यात खरोखर किती माणसे राहतात हे पाहायचे असेल, तर सरकारी दप्तर चाळण्यापेक्षा जानेवारीत त्या गावी जाणे अधिक श्रेयस्कर. उन्हाळ्यात गेल्यास फसगत होण्याचा संभव आहे. जून-जुलैमध्ये मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग येथील कुटुंबे सुटीसाठी आलेली असतात, परसात बटाटे आणि काकड्या लावलेल्या असतात, मुले सायकली पिटाळत असतात आणि गाव नांदते आहे असा भास होतो. सप्टेंबर सरला, की ही मंडळी दारांना कुलपे घालून शहरात परततात. मग बर्फ पडतो, आणि बर्फाइतका चोख शिरगणतीदार दुसरा नाही. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो आणि ज्याच्या दारापासून विहिरीपर्यंत व सरपणाच्या ढिगापर्यंत पायवाट पडलेली दिसते, ते घर जिवंत. बाकीची केवळ उभी. चाळीस-पन्नास घरांच्या गावात असे दोन-तीनच धूर दिसावेत, हे मध्य आणि उत्तर रशियात आता नवलाचे राहिलेले नाही.

गाव धुरावरून मोजण्याची ही रीत रशियाला नवी नाही. प्राचीन रूस राज्याच्या बखरीत खंडणीची आकारणी ‘दर धुरामागे’ होत असल्याचा उल्लेख आहे. धूर म्हणजे चूल आणि चूल म्हणजे कुटुंब. आपल्याकडे गाव किती उंबऱ्यांचे असे विचारतात, तसेच हे. फरक इतकाच, की हजार वर्षांपूर्वीचा राज्यकर्ता धूर मोजत होता तो कर घेण्यासाठी. विसाव्या शतकातील राज्यकर्त्याने ते मोजले, ते कोणती चूल पेटती ठेवायची आणि कोणती विझू द्यायची हे ठरविण्यासाठी. रशियन खेड्याची शोकांतिका बव्हंशी या फरकात सामावलेली आहे.

बर्फातील गाव

ही खेडी सैबेरियाच्या एखाद्या दुर्गम कोपऱ्यात आहेत असे कोणी समजू नये. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन महानगरांना जोडणाऱ्या मार्गावर, दोहोंच्या मध्ये, त्वेर हा प्रांत आहे. २०१० च्या जनगणनेत या एकट्या प्रांतात सुमारे साडेनऊ हजार ग्रामीण वस्त्यांची नोंद झाली आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक वस्त्यांत एकही माणूस राहत नव्हता. हमरस्त्यावरून अहोरात्र मालमोटारी धावत असतात. पण तो सोडून वीस-तीस किलोमीटर आत गेले, की आपण दुसऱ्याच काळात आल्यासारखे वाटते. डिसेंबरच्या अखेरीस तेथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो. सकाळी नऊ वाजले तरी पुरते उजाडलेले नसते आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा अंधारू लागते. गावाकडे जाणारा फाटा बर्फाने भरलेला असेल, तर तो मोकळा करणारे वाहन कधी येईल याची शाश्वती नसते. फाट्यावर वाहन सोडायचे आणि गुडघाभर बर्फातून चालू लागायचे, एवढेच मग हाती उरते.

वाटेच्या दोन्ही अंगांना पूर्वीची शेते असतात. ती शेते होती हे आता सांगावे लागते, कारण त्यांत बर्च आणि पाइन यांची पंचवीस-तीस वर्षांची झाडे वाढलेली असतात. मधूनच बर्फातून माणसाहून उंच, वाळलेल्या, छत्रीसारख्या तुऱ्यांच्या काड्या वर आलेल्या दिसतात. ही सोस्नोव्स्की हॉगवीड नावाची वनस्पती. दुसऱ्या महायुद्धानंतर गुरांच्या वैरणीसाठी सरकारनेच तिची लागवड करविली. सामुदायिक शेती मोडली, गुरे गेली. पण ही वैरण मात्र राहिली आणि मोकाट पसरली. उन्हाळ्यात तिचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडले, तर कातडी भाजल्यासारखे फोड येतात. गाय संपली आणि गाईची वैरण मालक झाली, असा हा प्रकार आहे.

गावात शिरल्यावर प्रथम लक्ष वेधून घेतात ती खिडक्यांची कोरीव चौकट-नक्षी आणि त्या खिडक्यांवर आडव्यातिडव्या ठोकलेल्या फळ्या. रशियन लाकडी घर ओंडक्यांवर ओंडके रचून बांधलेले असते आणि फटींत शेवाळ भरलेले असते. आत विटांची भट्टीवजा प्रचंड चूल. ती दिवसातून एकदोनदा पेटविली, की घर ऊबदार राहते. तिच्यावर भाकरी भाजते, तिच्याच माथ्यावर म्हातारी माणसे निजतात. ही चूल पेटती आहे तोवर असे घर शंभर वर्षे टिकते. ती विझली, की ओल ओंडक्यांत शिरते; धुराड्याच्या विटा ढासळतात, त्या भगदाडातून पाणी आत येते आणि मग एखाद्या हिवाळ्यात साचलेल्या बर्फाच्या भाराने आढे मोडते. घराला मारायला वादळ लागत नाही, भूकंप लागत नाही. चूल न पेटविणे पुरेसे असते.

बहुतेक गावांच्या मध्यभागी अथवा शेजारच्या मोठ्या गावी एक लहानसा स्तंभ असतो. त्यावर १९४१ ते १९४५ या काळात युद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे कोरलेली असतात आणि एकच आडनाव पाचपाच, सहासहा वेळा आलेले दिसते. आज गावात जितकी माणसे राहतात त्यांच्या कितीतरी पट नावे त्या दगडावर असतात. जिथे धूर दिसतो त्या घरात बहुधा एखादी वृद्धा राहत असते, कारण रशियात पुरुषांचे सरासरी आयुर्मान स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे आणि खेड्यातील दारू व कष्ट यांनी ते अधिकच घटविले आहे. आठवड्यातून एकदोनदा फिरत्या दुकानाची गाडी येते. पाव, साखर, काडेपेटी मिळते. टपालवाली निवृत्तिवेतन आणून देते. आंद्रेय कोंचालोव्स्की या दिग्दर्शकाने २०१४ मध्ये उत्तरेकडील केनोझेरो सरोवराकाठच्या वस्तीतील एका पोस्टमनवर चित्रपट काढला आणि व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला. त्यात पोस्टमनचे काम करणारा माणूस स्वतःच पोस्टमन होता. त्या वस्तीपुरते राज्यसंस्था म्हणजे तो एक माणूस आणि त्याची नाव.

आकडे काय सांगतात

हे चित्र अपवादात्मक असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. १९५९ च्या जनगणनेत रशियन प्रजासत्ताकात २ लाख ९४ हजार ग्रामीण वस्त्या होत्या. १९७९ मध्ये त्या १ लाख ७७ हजारांवर आल्या आणि १९८९ मध्ये १ लाख ५३ हजारांवर. म्हणजे तीस वर्षांत, युद्ध नाही, परचक्र नाही, तरी निम्म्या वस्त्या नकाशावरून गेल्या. त्यानंतर वस्त्यांची संख्या कागदावर फारशी घटली नाही. पण याचे कारण एवढेच, की नावे खोडण्याचे काम थांबले. माणसे जात राहिली. २००२ मध्ये नोंद असूनही निर्मनुष्य अशा वस्त्या १३ हजार होत्या, २०१० मध्ये १९ हजारांहून अधिक आणि २०२१ च्या जनगणनेत जवळपास २५ हजार. याखेरीज २०१० मध्ये सुमारे ३६ हजार वस्त्यांत दहा किंवा त्याहूनही कमी माणसे होती. दोन्ही आकडे एकत्र केले, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक खेडी एक तर रिकामी किंवा रिकामी होण्याच्या बेतात होती असे म्हणावे लागते. १९२६ मध्ये या देशातील शंभरांपैकी ब्याऐंशी माणसे खेड्यात राहत. आज पंचवीस राहतात.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते, की थंडी कडाक्याची, जमीन निकस आणि शहराची ओढ सर्वत्रच असते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण थंडी काही विसाव्या शतकात सुरू झाली नाही. त्याच थंडीत आणि त्याच जमिनीवर या खेड्यांनी आठनऊ शतके काढली. तेव्हा निसर्गाकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. माणसे का गेली, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या निर्णयांत शोधले पाहिजे.

आधी बेडी, मग हकालपट्टी

हे निर्णय दोन प्रकारचे होते आणि ते परस्परविरोधी होते. पहिल्या प्रकारच्या निर्णयांनी शेतकऱ्याला खेड्यात कोंडले. दुसऱ्या प्रकारच्यांनी त्याला खेड्यातून हुसकले.

१९२९ पासून सक्तीने सामुदायिक शेती लादण्यात आली. ‘कुलक’ म्हणून शिक्का मारलेली सुमारे अठरा लाख माणसे १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत हद्दपार झाली. त्यांत खरोखरीचे धनिक थोडे होते. घरावर पत्रा असलेला, दोन गाई बाळगणारा आणि अंगमेहनतीने वर आलेला शेतकरीच त्यांत अधिक होता. गावातील जो कर्ता, तोच आधी उचलला गेला. १९३२-३३ मध्ये दुष्काळ आला आणि त्याच सुमारास, डिसेंबर १९३२ मध्ये, अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली. शहरातील रहिवाशांना पारपत्र मिळाले. सामुदायिक शेतीवरील शेतकऱ्यांना ते सर्वसाधारणपणे मिळाले नाही. पारपत्र नाही म्हणजे शहरात राहता येत नाही, नोकरी मिळत नाही. भूदासपद्धती १८६१ मध्ये रद्द झाली होती. सत्तर वर्षांनंतर कामगार-शेतकऱ्यांच्या राज्यातच शेतकरी पुन्हा जमिनीला बांधला गेला. त्याच्या कामाचा मोबदला पैशात नव्हे, तर कामाच्या दिवसांच्या हिशेबाने बहुधा धान्यात मिळे, आणि पुष्कळदा तोही नाममात्र. सामुदायिक शेतीवरील सभासदांना देशव्यापी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तो १९६४ मध्ये आणि हमीचे वेतन मिळू लागले ते १९६६ पासून. क्रांती होऊन तेव्हा अर्धशतक होत आले होते.

ज्याला दार बंद असते, तो फट शोधतो. तरुणांना फटी दोनच होत्या: सैन्यातील सक्तीची नोकरी आणि शहरातील शिक्षण. मुलगे सैन्यातून परतताना गावी न येता कारखान्याच्या वसतिगृहात शिरत. मुली तंत्रशाळेत वा परिचारिकेच्या अभ्यासक्रमात जात. अशा रीतीने पारपत्राच्या पद्धतीने खेड्याला माणसे राखता आली नाहीत. तिने फक्त एवढेच केले, की तरुण आणि हुशार तेवढे निवडून बाहेर जावेत आणि वृद्ध मागे राहावेत. अखेर ऑगस्ट १९७४ मध्ये शेतकऱ्यांनाही पारपत्र देण्याचा निर्णय झाला आणि १९७६ ते १९८१ या काळात ती वाटली गेली. नागरिकत्वाचा हा साधा कागद हाती पडताच पुष्कळांनी त्याचा पहिला उपयोग केला तो गाव सोडण्यासाठी. यात त्यांना दोष कोण देईल?

आता दुसरी बाजू. ज्या वर्षी शेतकऱ्याला जाण्याची मोकळीक मिळाली, त्याच १९७४ मध्ये उत्तर व मध्य रशियाच्या निकस जमिनीच्या पट्ट्याचा विकास करण्यासाठी एक मोठा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात एका विचाराला प्रतिष्ठा मिळाली, जो साठीच्या दशकापासून नियोजनकारांच्या मनात घर करून होता. विचार असा, की विखुरलेल्या लहान वस्त्यांना रस्ते, वीज, शाळा, दवाखाना पुरविणे परवडत नाही. म्हणून काही गावे ‘भवितव्य असलेली’ ठरवावीत, तेथे सर्व सोयी कराव्यात आणि उरलेल्या ‘भवितव्यहीन’ गावांतील लोकांना तेथे आणून वसवावे. बहुसंख्य गावे दुसऱ्या यादीत गेली.

या धोरणामागचा हेतू दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. कागदावर हिशेब बिनचूक होता. दहा घरांसाठी शाळा चालविण्यापेक्षा दोनशे घरांसाठी चालविणे स्वस्त, हे तिसरीतला मुलगाही सांगेल. पण या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती: ज्याला तुम्ही भवितव्यहीन म्हणता, तो ते शब्द ऐकत असतो. गाव यादीत आले, की तेथे नवे बांधकाम बंद होई, रस्त्याची दुरुस्ती थांबे, शाळा उठे, मग दुकान, मग प्रथमोपचार केंद्र. ज्यांना लहान मुले होती ती कुटुंबे प्रथम हलली. ती हलल्यामुळे लोकसंख्या आणखी घटली आणि यादी बरोबर होती असे सिद्ध झाले! ज्योतिषाने मरणाचे भाकीत वर्तवावे आणि वैद्याने त्यावर विसंबून औषध थांबवावे, तसा हा प्रकार होता. शिवाय नियोजनकारांची अपेक्षा होती, की भवितव्यहीन गावातील माणूस शेजारच्या मोठ्या गावी जाईल. प्रत्यक्षात घर सोडायचेच, तर जेथे गाय ठेवता येत नाही अशा चौमजली इमारतीत खेड्यातच का राहावे, असा विचार करून तो सरळ शहरात गेला. १९८० च्या सुमारास हे धोरण गुंडाळण्यात आले. पण तोवर त्याचे काम झालेले होते.

साहित्याने आधी पाहिले

हे सारे घडत असताना आपल्याकडे मात्र रशियन खेड्याचे निराळे चित्र पोहोचत होते. अण्णाभाऊ साठे यांनी १९६१ मध्ये रशियाचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. एका श्रमिकाचे त्या देशाविषयीचे कुतूहल आणि प्रेम त्यात आहे. सोव्हिएत पुस्तके व गुळगुळीत कागदावरील मासिके मराठीतूनही स्वस्तात मिळत. त्यांत ट्रॅक्टरवर बसलेली हसतमुख तरुणी असे आणि गव्हाचे शेत क्षितिजापर्यंत गेलेले असे. ते छायाचित्र खोटे नव्हते. मात्र ते दक्षिणेकडील काळ्या जमिनीचे होते. उत्तरेकडील बर्फातील ती फळ्या ठोकलेली खिडकी त्यात येत नव्हती.

ती पाहिली रशियन लेखकांनी, आणि तीही सेन्सॉरच्या नजरेखाली. १९६३ मध्ये ‘नोवी मीर’ मासिकात सोल्झेनित्सिन यांची मात्र्योना नावाच्या एका एकाकी खेडूत स्त्रीवरील कथा आली. व्होलोग्दाचे वासिली बेलोव्ह, अर्खांगेल्स्ककडील फ्योदोर अब्रामोव्ह आणि सैबेरियाचे व्हालेंतिन रास्पुतिन यांनी खेड्याचे हे मरण पुढील दोन दशके सातत्याने लिहिले. रास्पुतिन यांची, धरणाखाली जाणाऱ्या मात्योरा बेटावरील कादंबरी १९७६ मधील. हे लेखक राज्याचे शत्रू नव्हते. सोल्झेनित्सिन वगळता बहुतेकांना पारितोषिके मिळाली, आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या कादंबऱ्या वाचून शहरातील वाचकांनी डोळे टिपले. ही मंडळी स्वतः एका पिढीपूर्वी त्याच गावांतून आलेली होती. पण धोरण बदलायला अश्रू पुरत नाहीत, आणि ते ठरविणाऱ्या कचेऱ्यांत कादंबऱ्या आधाराला घेतल्या जात नाहीत.

गहू वाढला, गाव संपले

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. आता सक्ती नाही, यादी नाही. मग खेडे सावरायला हवे होते. उलट त्याचा ऱ्हास वेगाने झाला. उत्तरेकडील सामुदायिक शेती वर्षानुवर्षे सरकारी अनुदानावर चालली होती. ते थांबताच ती मोडली. तिच्याबरोबर केवळ रोजगार गेला नाही. गावचा रस्ता मोकळा करणारा ट्रॅक्टर तिचा होता, सरपण आणून देणारी मालमोटार तिची होती, सभागृह आणि बालवाडी तिच्या खर्चाने चालत होती. १९९० मध्ये रशियात सुमारे ११ कोटी ७७ लाख हेक्टर क्षेत्रात पेरणी होत असे. २००७ पर्यंत ते साडेसात कोटी हेक्टरांच्या आसपास आले.

आणि तरीही रशिया उपाशी राहिला नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९७२ मध्ये अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणावर धान्य विकत घेणारा हा देश गेल्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगातील सर्वांत मोठ्या गहू-निर्यातदारांत अग्रभागी आहे. तो गहू पिकतो कुबान, स्तावरोपोल आणि काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, मोठमोठ्या कंपन्यांच्या शेतांवर, थोड्या माणसांच्या आणि अजस्र यंत्रांच्या बळावर. म्हणजे धान्यासाठी आता त्वेर, प्स्कोव्ह वा कोस्त्रोमा या प्रांतांतील खेड्याची देशाला गरज उरलेली नाही. खेड्याचे महत्त्व केवळ ‘अन्नदाता’ म्हणून सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. अन्न देणे हाच जर गावाचा एकमेव हक्क असेल, तर यंत्राने अन्न पिकविले, की तो हक्क संपतो. माणूस गावात राहतो म्हणून त्याचा काही हक्क आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

पटसंख्येचे राजकारण

या प्रश्नाचे नव्या रशियाने दिलेले उत्तर जुन्याहून फारसे निराळे नाही. फक्त शब्द बदलला. पूर्वी ‘भवितव्यहीन’ म्हणत, आता सुविधांचे ‘सुयोग्यीकरण’ म्हणतात. २००० मध्ये रशियात सुमारे ४५ हजार ग्रामीण शाळा होत्या. २०१४ मध्ये त्या २६ हजारांच्या आत आल्या. ग्रामीण रुग्णालये याच काळात साधारण चतुर्थांशावर आली. कारण प्रत्येक वेळी तेच सांगण्यात आले: पटसंख्या कमी, दरडोई खर्च जास्त.

शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट येथे आहे. १९९२ च्या शिक्षणविषयक कायद्यात अशी तरतूद होती, की ग्रामीण शाळा बंद करायची असेल, तर गावसभेची संमती घेतलीच पाहिजे. २०१२ मध्ये नवा कायदा आला. त्यात गावकऱ्यांचे मत ‘विचारात घेतल्याशिवाय’ शाळा बंद करू नये, असे शब्द आहेत. संमती घेणे आणि मत विचारात घेणे, या दोहोंतील अंतर ज्याने कधी सरकारी कचेरीत अर्ज केला आहे त्याला समजावून सांगायला नको. पहिल्यात गावाला नाही म्हणता येते. दुसऱ्यात गावाने नाही म्हटल्याची नोंद होते आणि शाळा बंद होते.

शाळेचे असे काय विशेष? मुले बसने शेजारच्या गावी जातील, तेथे अधिक चांगले शिक्षक मिळतील, हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु उणे पंचवीस अंश तपमानात, अंधारात, बर्फाळ रस्त्यावरून रोज दोन वेळा सात वर्षांच्या मुलाला पाठवायचे की नाही, हे आई ठरविते. आणि ती बहुधा असे ठरविते, की आपण सगळेच जाऊ. शाळा उठते तेव्हा गावातून केवळ एक इमारत जात नाही. पत्र लिहून देणारा, अर्जाची भाषा जाणणारा, अधिकाऱ्याशी बरोबरीने बोलणारा माणूस जातो. तो गेल्यावर पुढच्या निर्णयाला विरोध करायलाही कोणी उरत नाही. म्हणूनच दुकान बंद झाले तर गाव अडचणीत येते. शाळा बंद झाली, की त्याचे दिवस भरतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ पासून खेड्यात जाणाऱ्या डॉक्टरांना आणि २०२० पासून शिक्षकांना दहा लाख रूबलचे एकरकमी साहाय्य देण्याची योजना आहे. २०२१ मध्ये घराच्या कुंपणापर्यंत मोफत नैसर्गिक वायू पोहोचविण्याची घोषणा झाली. पण ही सोय ज्या गावात वायुवाहिनी आधीच आलेली आहे, तेथील उरलेल्या घरांसाठी आहे. जगातील सर्वांत मोठे वायुसाठे ज्या देशात आहेत, त्याच देशातील दोन धुरांच्या गावातली म्हातारी आजही लाकडे फोडून चूल पेटविते. जे गाव आधीच उभे आहे त्याला टेकू मिळतो. जे पडते आहे त्याला नाही. यादी कागदावरून गेली, पण मनातून गेली नाही, याचे हे चिन्ह आहे.

शहराचा आधार, युद्धाचा घाव

यावर काही विचारी मंडळी म्हणतात, की शहरीकरण ही जगाची रीत आहे. स्पेनमध्ये, इटलीत, जपानमध्येही खेडी ओस पडत आहेत. मग रशियाविषयीच एवढा आक्रोश कशाला? आक्षेप योग्य आहे. प्रत्येक गाव चिरंजीव असावे असा आग्रह कोणी धरू नये. जो तरुण उजेड, नळाचे पाणी आणि नाटकगृह यांच्यासाठी शहरात गेला, त्याने मातीशी बेइमानी केली असे म्हणणे हा शहरात बसून केलेला भाबडेपणा आहे. फरक आहे तो गतीचा, सक्तीचा आणि अंतराचा. इतरत्र माणसाने गाव सोडले आणि मग सोयी गेल्या. रशियात पुष्कळदा सोयी आधी गेल्या. इतरत्र ओस गावापासून शहर तासाभरावर असते. येथे रुग्णवाहिकेला बर्फातून यायला अर्धा दिवस लागू शकतो.

भूगोलतज्ज्ञ तात्याना नेफ्योदोवा यांनी या प्रदेशाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. खेड्याला आज जो काही आधार आहे तो उन्हाळी शहरवासीयांचा, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. कोस्त्रोमा प्रांतातील उगोरी परिसरात समाजशास्त्रज्ञ निकिता पोक्रोव्स्की आणि मॉस्कोतील त्यांच्या सहकाऱ्यांनी पडीक घरे विकत घेऊन दुरुस्त केली, तेथे राहून संशोधन केले. मॉस्कोपासून सहाशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या त्या गावांत त्यामुळे काही छपरे शाबूत राहिली, स्थानिक सुताराला काम मिळाले, मध आणि दूध विकले गेले. लेखाच्या प्रारंभी उन्हाळ्याला फसवा म्हटले; पण ही फसवणूकही एका परीने उपकारक आहे. मात्र उन्हाळी रहिवाशाचे मत शहरात, मुलांची शाळा शहरात, दवाखाना शहरात. तो घर वाचवू शकतो. गाव वाचवू शकत नाही. कारण गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. जानेवारीतही शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघून, आज धूर का नाही, असे विचारणारा कोणीतरी असणे म्हणजे गाव.

या खेड्यांवर २०२२ पासून आणखी एक घाव बसतो आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तीन लाखांची आंशिक लष्करभरती जाहीर झाली आणि पुढे मोठ्या रकमांची आमिषे दाखवून कंत्राटी सैनिक घेण्यात येऊ लागले. मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना आढळले आहे, की त्यांत महानगरांपेक्षा लहान शहरे व खेडी यांतील माणसे बहुसंख्य आहेत. जेथे कमाई तुटपुंजी, तेथे मरणाचा भावही मोठा वाटतो. १९४१ च्या स्तंभाशेजारी आता नव्या नावांचे दगड उभे राहत आहेत. त्या वेळी गावात रडायला माणसे तरी होती.

याच काळात, मार्च २०२५ मध्ये, स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा झाला. गावपातळीवरील निवडून आलेली संस्था रद्द करून सारा कारभार जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याचा मार्ग त्याने प्रांतांना मोकळा करून दिला. शाळा गेली, दवाखाना गेला, आता ज्याच्या दारात जाऊन भांडावे तो सरपंचही पन्नास किलोमीटर दूर जाणार.

किमान हमी

मग करावे काय? पंचवीस हजार मृत वस्त्या पुन्हा वसविणे शक्य नाही, इष्टही नाही. परंतु जेथे अजून धूर आहे तेथे राज्याने काय द्यावे, याचे उत्तर लोकसंख्येच्या आकड्यावर अवलंबून ठेवणे सोडले पाहिजे. रस्त्यावरचा बर्फ हटविणे, वीज, टपाल आणि आजारपणात डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची सोय, या चार गोष्टी माणसाच्या हक्काच्या आहेत. तो एकटा आहे की शंभरांत आहे, याने त्या हक्कात फरक पडू नये. जेथे मुले आहेत तेथे शाळा सर्वांत शेवटी जावी, सर्वांत आधी नव्हे. आणि ज्यांना जायचे आहे त्यांना जाण्यासाठी साहाय्य मिळावे. पण जाण्याचा निर्णय त्यांचा असावा. आधी जाऊ न देणे आणि मग राहू न देणे, या दोन्ही चुका मुळात एकच आहेत. दोहोंत माणसाला त्याच्या मनाविषयी कोणी विचारले नाही.

हा खर्च किती? ज्या राज्याने या गावांतून सक्तीने धान्य नेले, युद्धासाठी मुलगे नेले, कारखान्यांसाठी मजूर नेले, त्याने या वृद्धांच्या अखेरच्या पाच-दहा हिवाळ्यांचा खर्च ओझे म्हणून मोजावा, हे लाजिरवाणे आहे. ते कर्ज आहे, आणि धनको मरेपर्यंत वाट पाहणे हा कर्ज फेडण्याचा सभ्य मार्ग नव्हे.

रशियातील हिवाळा प्रत्येक वर्षी हा हिशेब नव्याने मांडतो. पहाटे थंडी सर्वांत तीव्र असते, वारा पडलेला असतो आणि त्या स्तब्ध हवेत धूर सरळ रेघेसारखा वर जातो. दोन मैलांवरूनही दिसतो. मागल्या वर्षी त्या गावावर तीन रेघा होत्या, यंदा दोन आहेत. हा फरक जिल्ह्याच्या कचेरीत कोणाच्या तरी नोंदवहीत चढतो, आणि त्या गावाला जाणारा रस्ता यंदा साफ करावा की नाही, यावर तेथे पुन्हा विचार सुरू होतो.